भरणारी जखम आणि न भरणारी जखम

मराठीत डोळ्यांच्या दोन आजारांना जुळ्या भावंडांसारखी नावं आहेत. मोतीबिंदू आणि काचबिंदू. नावं इतकी सारखी की मोतीबिंदू फार पिकला की त्याचाच काचबिंदू होतो असं समजणारी चांगली शिकली-सवरली माणसं मला भेटली आहेत. हिंदीत तर कहर आहे. तिथे एक सफेद मोतिया आणि दुसरा काला मोतिया. म्हणजे मोतिया तोच, फक्त रंग वेगळा!

आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील आता साठी-सत्तरीला आलेत. "बाबांना दोन्ही आहेत म्हणे. डॉक्टर म्हणतायत एकदमच ऑपरेशन करू. करावं का रे?" हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत ऑफिसच्या कँटीनमध्ये मी चारेक वेळा तरी ऐकला. त्या निमित्ताने वाचत गेलो आणि लक्षात आलं की 'एकदम की वेगवेगळं' या साध्या वाटणाऱ्या प्रश्नामागे भलामोठा इतिहास आहे. तोच आज सांगतो. (मी डॉक्टर नाही. पोटापाण्यासाठी कोड लिहितो. तेव्हा हे वाचून कुणी आपल्या डॉक्टरांशी वाद घालायला जाऊ नये, ही नम्र विनंती.)

आधी थोडी उजळणी. डोळ्यात बाहुलीच्या मागे एक भिंग असतं. वय वाढलं की ते गढूळ होतं. हा मोतीबिंदू. गढूळ भिंग काढायचं, तिथे प्लॅस्टिकचं बसवायचं, की दुसऱ्या दिवशी माणूस पेपर वाचायला मोकळा. काचबिंदूचं तसं नाही. डोळ्यात एक पाणी सतत तयार होत असतं, मिनिटाला साधारण अडीच मायक्रोलिटर, आणि ते बुबुळाच्या कडेला असलेल्या एका बारीक जाळीतून बाहेर जात असतं. जाळी तुंबली, किंवा जाळीकडे जाणारा कोनच बंद झाला, की डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. (दाब नॉर्मल असूनही नस मरते असे पेशंट असतात, पण तूर्तास ते बाजूला ठेवू.) या नशीत दहा-बारा लाख तंतू असतात. मेलेला एकही परत येत नाही. आणि कडेची नजर आधी जाते, मधली शेवटी, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही.

म्हणजे मोतीबिंदूचं ऑपरेशन गेलेलं परत देतं. काचबिंदूचं ऑपरेशन काहीच परत देत नाही, उरलेलं टिकवतं, तेही नशीब असेल तर. पुढच्या सगळ्या भानगडीच्या मुळाशी हा फरक आहे.

दुसरा फरक मला स्वतःला जास्त मजेशीर वाटला. मोतीबिंदूच्या सर्जनला वाटतं, मी केलेली जखम लवकरात लवकर आणि घट्ट भरावी, तिच्यातून पाण्याचा थेंब गळू नये. काचबिंदूच्या सर्जनने मात्र जखमच मुळी पाणी गळावं म्हणून केलेली असते. त्याने डोळ्याला एक नवीन मोरी पाडून दिलेली असते आणि ती बुजली की ऑपरेशन फसलं. एकाला भरणारी जखम हवी, दुसऱ्याला न भरणारी. आणि आपण म्हणतोय, दोन्ही एकाच डोळ्यात, एकाच दिवशी करा!

आता मागे जाऊ. बरंच मागे.

'ग्लॉकोमा' हा शब्द ग्रीक आहे, पण ग्रीक वैद्यांच्या तोंडी त्याचा अर्थ आजचा नव्हता. जुन्या लोकांना हे सगळे बाहुलीचा रंग बदलणारे आजार एकच वाटायचे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एफिससच्या रुफसने लिहून ठेवलंय की पूर्वी दोन्ही एकच मानत, पण नंतरच्यांनी फरक केला: ग्लॉकोमा म्हणजे खुद्द भिंगाचा आजार, आणि दुसरा म्हणजे भिंगापुढे साकळलेला द्रव. पहिला बरा होत नाही, दुसरा होतो (नेहमी नाही, पण होतो). शरीररचना साफ चुकीची आहे. पण 'एक बरा होणारा आणि एक न होणारा' ही विभागणी मात्र अनुभवातून आलेली आहे.

आपल्याकडेही असाच घोळ आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तिमिर, मग काच आणि मग लिंगनाश अशा एकाच आजाराच्या चढत्या पायऱ्या सांगितल्यात. म्हणजे त्या ग्रंथातला 'काच' ही शेवटी मोतीबिंदूकडे जाणाऱ्या वाटेवरची पायरी. तोच शब्द आज मराठीत काचबिंदूच्या नावात येऊन बसलाय. ग्रीकांचा ग्लॉकोमा आणि आपला काच, दोन्ही शब्द भिंगाच्या घरून निघाले आणि नशीच्या घरी जाऊन राहिले. योगायोग म्हणा, पण मला तो फार आवडला.

उपचार दोन हजार वर्षं एकच होता. डोळ्यात सुई घालून गढूळ भिंग खाली ढकलायचं. सुश्रुतसंहितेत याचं बारकाईने वर्णन आहे. भिंग बाहेर काढायचं नाही, फक्त वाटेतून बाजूला सारायचं. बग फिक्स न करता कॉमेंट आउट करण्याचाच प्रकार! माणसाला त्याच क्षणी दिसायला लागायचं हे खरं.

पण काही डोळे असे असत की त्यांच्यावर सुई कितीही कौशल्याने चालवा, काही दिसायचं नाही. इंग्लंडच्या रिचर्ड बॅनिस्टरने १६२२ साली असे डोळे ओळखायच्या खुणा लिहून ठेवल्या. आजार जुना असेल, उजेडही कळत नसेल, बाहुली मोठी होत नसेल, आणि पापणीवरून बोटाने चाचपल्यावर डोळा नेहमीपेक्षा टणक लागत असेल, तर आशा सोडा. हे वाचताना मी थबकलो. टणक डोळा म्हणजे वाढलेला दाब. ऑपरेशनच्या आधी काचबिंदू तपासून बघायची पद्धत चारशे वर्षांपूर्वी एका माणसाने नुसत्या बोटांनी शोधली होती. पुढची दोनशे वर्षं तिच्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही, ते सोडा.

१७०५ मध्ये मिशेल ब्रिसो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने एका मेलेल्या सैनिकाचा डोळा उघडला आणि दाखवून दिलं की मोतीबिंदू म्हणजे साकळलेला द्रव वगैरे काही नसून खुद्द भिंगच गढूळ झालेलं असतं. पॅरिसच्या अकादमीने आधी हे मानलंच नाही. मग १७४७ मध्ये जाक दाव्हिएलने बुबुळाच्या कडेला छेद घेऊन भिंग बाहेर काढलं. म्हणजे मोतीबिंदू आता पक्का भिंगाचा झाला, आणि ग्लॉकोमा हा शब्द बेघर. त्याला घर मिळायला १८५१ उजाडावं लागलं, जेव्हा हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत बघायचं यंत्र जाहीर केलं आणि डॉक्टरांना पहिल्यांदाच जिवंत माणसाची नस दिसली. काचबिंदूत ती खोलगट होते हे थोड्याच वर्षांत कळलं.

इथे येतो आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे. बर्लिनचा, जन्म १८२८, मृत्यू १८७०, म्हणजे पुरती बेचाळीस वर्षं आयुष्य. त्यात या माणसाने जे केलं ते पाहून आपण रविवारी सकाळी दहाला उठतो याची लाज वाटते. १८५७ मध्ये ब्रुसेल्सच्या नेत्रवैद्यांच्या परिषदेत त्याने सांगितलं की बुबुळाच्या पडद्याचा एक तुकडा कापून काढला की अचानक उद्भवणारा, डोकं फोडणारा काचबिंदू बरा होतो. 'असाध्य' या शिक्क्याला पडलेला हा पहिला तडा. असं का होतं हे त्यालाही नीटसं माहीत नव्हतं. आणि हळूहळू चढणाऱ्या काचबिंदूत याचा फारसा उपयोग नाही, हेही पुढे कळून आलं.

गंमत म्हणजे हाच पडदा कापण्याचा प्रकार लगेच मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्येही शिरला. ड्युसेलडॉर्फच्या आल्बर्ट मोरेनने १८६२ मध्ये सुचवलं की आधी पडद्याचा तुकडा काढा, काही आठवडे थांबा आणि मग भिंग काढा. इतर म्हणाले, थांबायचं कशाला, एकदमच करू. या दुसऱ्या प्रकाराला 'संयुक्त' शस्त्रक्रिया हेच नाव पडलं. उद्देश काचबिंदू बरा करण्याचा नव्हता, मोतीबिंदूच्या ऑपरेशनमधले धोके कमी करण्याचा होता. पण 'आधी एक मग दुसरं, की दोन्ही एकदम' हा वाद तेव्हापासून डोळ्याच्या डॉक्टरांच्या पाचवीला पुजलेला आहे.

यापुढचा धडा मद्रासचा. एग्मोरचं सरकारी नेत्र रुग्णालय १८१९ सालचं, जगातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे रॉबर्ट हेन्री एलियट नावाचा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा अधिकारी प्रमुख होता. वल्ली माणूस. सापाच्या विषावर संशोधन, जादूच्या प्रयोगांचा नाद, आणि भारतीय दोरखंडाची जादू थोतांड आहे हे सिद्ध करायची खुमखुमी. याच्याकडे खेड्यापाड्यांतून असे पेशंट यायचे ज्यांचं भिंग बाजारात बसणाऱ्या वैदूंनी सुईने ढकललेलं असायचं. पहिल्या दिवशी दिसायचं, पैसे मिळायचे, वैदू पुढच्या गावी. मग कुठे पू व्हायचा, कुठे आत लोंबकळणाऱ्या भिंगामुळे दाब चढायचा आणि डोळा कायमचा जायचा. एलियटने असे निकामी डोळे जमवून त्यांचा अभ्यास केला आणि १९१७ मध्ये लंडनला त्यावर व्याख्यानं दिली. मोतीबिंदूच्या इलाजातून काचबिंदू कसा जन्मतो, हे इतक्या पद्धतशीरपणे पाहणारे त्याच्याआधी थोडेच असतील.

याच एलियटने १९०९ मध्ये काचबिंदूसाठी नवीन ऑपरेशन आणलं. बुबुळ आणि पांढरा भाग मिळतात तिथे एका बारीक गोल पात्याने आरपार भोक पाडायचं. पाणी त्यातून बाहेर येऊन वरच्या पातळ आवरणाखाली साठतं आणि तिथून शोषलं जातं. म्हणजे ही आपली मोरी. ती चालायची, कधीकधी फारच चालायची. डोळा बसून जायचा, आणि वरचं आवरण इतकं पातळ व्हायचं की वर्षांनंतरही जंतू आत शिरायचे. तरी मद्रासहून निघालेलं हे ऑपरेशन पुढची कित्येक दशकं जगभर चाललं.

आता त्या काळी दोन्ही आजार असलेल्या पेशंटचं काय होत असेल याची कल्पना करा. मोतीबिंदूसाठी जवळपास अर्ध्या बुबुळाच्या घेराएवढा छेद, म्हणजे बारा मिलिमीटर किंवा जास्त. मग दिवसच्या दिवस न हलता उताणं पडून राहायचं. अशा डोळ्याला त्याच वेळी उघडं भोकही ठेवायचं म्हणजे डोळा कोलमडण्याची हमीच. म्हणून शहाणे सर्जन आधी मोरी करत, काही महिन्यांनी मोतीबिंदू काढत. पण दुसऱ्या ऑपरेशनची सूज आली की पहिलं भोक बुजायचं. एक दुरुस्त करायला जावं तर आधीचं चालू असलेलं बंद पडतं. हा अनुभव सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळा सांगायला नको :-)

कोंडी फुटली ती १९६८ मध्ये, केंब्रिजला. जॉन केर्न्सने उघड्या भोकाऐवजी पांढऱ्या भागाची अर्ध्या जाडीची एक झडप उचलली, तिच्याखाली जाळीचा तुकडा कापला आणि झडप परत टाक्यांनी बसवली. याला म्हणतात ट्रॅबेक्युलेक्टॉमी. त्याचा हेतू वेगळाच होता. जाळीमागच्या नैसर्गिक नळीची तोंडं मोकळी होतील आणि पाणी तिच्यातून जाईल, अशी त्याची अटकळ होती. प्रत्यक्षात यशस्वी डोळ्यांत पाणी झडपेच्या कडेने झिरपून वरच्या आवरणाखाली जमत होतं. म्हणजे मोरी जुनीच, पण आता तिला झाकण होतं! अटकळ चुकली, ऑपरेशन टिकलं. पन्नासाहून जास्त वर्षं झाली, अजूनही तेच काचबिंदूचं मुख्य ऑपरेशन मानलं जातं.

झाकण आल्यावर गळती किती होऊ द्यायची हे टाक्यांनी ठरवता येऊ लागलं, आणि १९७०च्या दशकात मोतीबिंदू आणि ट्रॅबेक्युलेक्टॉमी एकाच बैठकीत करणारे सर्जन पुढे आले. त्यांची बाजू नुसती सोयीची नव्हती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पहिल्या चोवीस तासांत दाब उसळू शकतो. निरोगी नस ते सहन करते. पण जिचे मोजकेच तंतू उरलेत ती त्या एका रात्रीत विझेल, अशी भीती असते. त्याच वेळी मोरी केलेली असेल तर ती उसळी तिथून निघून जाते. म्हणजे दोन ऑपरेशन्स एकत्र करायची ती एकाने दुसऱ्याला सांभाळावं म्हणून.

तरीही निकाल बेताचेच होते. दहा-बारा मिलिमीटरचा छेद, त्याची सूज, आणि सूज आली की शरीर इमानेइतबारे मोरी बुजवायला धावणार. शरीराला कोण सांगणार की बाबा रे, ही जखम भरू नकोस?

सांगणारी औषधं सापडली ती कॅन्सरच्या कपाटात. १९८०च्या दशकात मायामीच्या डॉक्टरांनी फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिलची इंजेक्शनं वापरली, आणि तैवानमधून १९८३ मध्ये मायटोमायसिन-सीचा अनुभव प्रसिद्ध झाला. पेशींची वाढ रोखणारं हे औषध स्पंजच्या तुकड्यावर घेऊन त्या जागी एक ते पाच मिनिटं ठेवायचं आणि धुऊन टाकायचं. बस्स. तेवढ्याने तिथल्या पेशी व्रण तयार करायचं विसरतात. किंमतही मोजावी लागते. कधी दाब फारच उतरतो, कधी आवरण इतकं विरळ होतं की एलियटच्या काळची जंतूंची भीती परत येते.

दुसरी मदत मोतीबिंदूच्या बाजूने आली. न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमनला दात साफ करणाऱ्या अल्ट्रासाउंडच्या यंत्रावरून कल्पना सुचली आणि १९६७ मध्ये त्याने भिंग आतल्या आत फोडून नळीने ओढून घेतलं. लोकांनी बरीच वर्षं वेड्यात काढलं. पण १९८४ मध्ये घडी होणारी लेन्स आली आणि तीन मिलिमीटरच्या छेदातून सगळं काम होऊ लागलं. हेच आपलं फेको. जखम चौपट लहान, सूज कमी. १९९०च्या दशकात या दोघांचं लग्न लागलं आणि फेको-ट्रॅबेक्युलेक्टॉमी जन्माला आली. मग नवे वाद. दोन्ही कामं वरच्या एकाच छेदातून करायची की फेको कानाच्या बाजूने आणि मोरी वरून? दुसऱ्या प्रकारात सर्जनला खुर्ची हलवून बसायला लागतं. निकालांत फार मोठा फरक पडत नाही असंच दिसलं. खुर्ची हलवायची की नाही यावर किती शोधनिबंध निघाले असतील, देव जाणे.

आपल्याकडे फेकोचं मशीन सगळीकडे परवडत नाही. म्हणून भारतात यंत्राशिवाय, सहा-सात मिलिमीटरच्या तिरक्या बोगद्यातून, टाका न घालता मोतीबिंदू काढायची पद्धत चांगलीच रुळली. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० डोळ्यांवर फेको आणि ही पद्धत यांची चिठ्ठ्या टाकून तुलना केली गेली. २००५ मध्ये सहा आठवड्यांचे निकाल प्रसिद्ध झाले आणि सुरक्षितपणात दोन्ही तोलामोलाच्या ठरल्या. बोगदा पांढऱ्या भागातच असल्यामुळे त्याच बोगद्याच्या छताची झडप करून मोरीही उरकता येते, आणि तसं करणारे सर्जन आपल्याकडे आहेत. मशीन नाही म्हणून अडून न बसता मार्ग काढायचा, याचं मला फार कौतुक वाटतं.

एवढं सगळं झाल्यावर आकडे काय म्हणतात? २००१ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं की नुसती ट्रॅबेक्युलेक्टॉमी केली तर मोतीबिंदूचा धोका ७८ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे आधी मोरी करा, भिंग नंतर बघू, असं म्हणणाऱ्याला ते 'नंतर' लवकरच गाठतं. आणि २०१५ मध्ये कोक्रेनच्या लोकांनी नऊ चाचण्या, ६५५ पेशंट एकत्र करून संयुक्त ऑपरेशन आणि नुसतं मोतीबिंदूचं यांची तुलना केली. वर्षभरानंतर संयुक्तमध्ये दाब सरासरी १.६२ मिलिमीटरने कमी. बस्स, एवढाच! तेही पुराव्याचा दर्जा बेताचा आहे अशी कबुली देऊन. दीडशे वर्षांचा वाद आणि हाती दीड मिलिमीटर, असं वाटून मी जरा खट्टू झालो. पण सरासरी फसवी असते. ज्याची नस जवळपास संपलीय त्याला दाब खूप खाली हवा असतो, आणि नुसतं भिंग काढून तो तिथवर पोचत नाही.

आकडा इतका लहान का, याचं खरं कारण वेगळंच आहे आणि माझ्या मते या गोष्टीतलं सगळ्यात चांगलं वळण तेच. नुसतं भिंग काढल्यानेही दाब उतरतो! डोळ्याचा दाब जास्त पण नस शाबूत, अशा लोकांच्या एका अमेरिकी अभ्यासात मोतीबिंदू काढल्यावर दाब सरासरी २३.९ वरून १९.८ वर आल्याचं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. कोन बंद होण्याच्या काचबिंदूत, जो आशियात बराच आढळतो, हे आणखी ठळक होतं. वयाबरोबर आपलं भिंग फुगत पाच मिलिमीटरपर्यंत जातं आणि पुढच्या पडद्याला रेटून पाण्याची वाट अडवतं. त्याच्या जागी एखाद मिलिमीटरची लेन्स आली की पडदा मागे सरतो, कोन उघडतो. हाँगकाँगमध्ये क्लेमंट थॅम यांच्या गटाने अशाच पेशंटमध्ये नुसतं फेको आणि फेकोसकट मोरी यांची तुलना केली. २००८ आणि २००९ मध्ये आलेले निष्कर्ष एकाच सुराचे: मोरीने दाब जास्त उतरतो आणि गुंतागुंतही जास्त होते. पुढे २०१६ मध्ये 'ईगल' नावाची ४१९ पेशंटची चाचणी लॅन्सेटमध्ये आली. त्यात मोतीबिंदू नसलेल्या, स्वच्छ भिंगाच्या लोकांचं भिंग काढलं होतं, केवळ दाबासाठी, आणि नेहमीच्या लेझरच्या उपचारापेक्षा ते सरस ठरलं. रुफसने ज्या आजाराला भिंगाचा म्हटलं होतं, त्याच्या एका प्रकारावर भिंग काढणं हाच इलाज निघाला. म्हातारा कुठेतरी हसत असेल.

मग उद्योगाचं लक्ष गेलंच. मोतीबिंदूसाठी डोळा उघडलेलाच आहे, तर जाता जाता जाळीत एक मिलिमीटरची टायटॅनियमची नळी बसवून टाकू. आयस्टेंट नावाच्या नळीला अमेरिकेत २०१२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्या मुख्य चाचणीत एका वर्षानंतर ७२ टक्के लोकांचा दाब औषधाशिवाय २१ किंवा खाली होता. छान. पण नळीशिवाय, नुसत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनने, ५० टक्के तिथे पोचले होते. जाहिरात वाचताना हा दुसरा आकडा नेहमी शोधावा. सायपास नावाच्या दुसऱ्या नळीची गोष्ट जास्त बोचरी आहे. २०१६ मध्ये परवानगी मिळाली, दोन वर्षांचे निकाल झकास होते. मग पाच वर्षांचे आले. नळी बसवलेल्यांच्या बुबुळाच्या आतल्या बाजूच्या पेशी सुमारे २० टक्क्यांनी घटल्या होत्या, न बसवलेल्यांच्या १० टक्क्यांनी. या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीने ती नळी जगभरातून मागे घेतली. पण जी डोळ्यांत बसली होती ती बसलीच होती. तिथे रोलबॅक नसतो.

आपल्याकडचा प्रश्न मात्र नळीपर्यंत पोचतच नाही. दक्षिण भारतातल्या गावोगावच्या पाहण्यांत दिसलं की काचबिंदू असलेल्या दहापैकी नऊ जणांना तो आहे हेच ठाऊक नव्हतं. यांतले कितीतरी जण मोतीबिंदूच्या शिबिरात येतात. त्यांचं भिंग काढलं जातं, त्यांना दिसायला लागतं, ते हात जोडून घरी जातात. शिबिराच्या खात्यात एक यशस्वी शस्त्रक्रिया जमा होते. दाब कुणी मोजला नसेल, नस कुणी पाहिली नसेल, तर तो माणूस परत येतो तो आठ-दहा वर्षांनी, "तुम्ही घातलेली लेन्स खराब झाली" म्हणत. लेन्स ठणठणीत असते. शहरातही हे होतं, फक्त तिथे शिबिराऐवजी कॉर्पोरेट पॅकेज असतं. दिसायला लागलं की ड्रॉप्स बंद करण्याचा मोह बाबांनाच होतो, आणि आपल्यालाही फॉलोअपसाठी रजा काढायची नसते.

तर कँटीनमधल्या मित्रांना मी काय सांगतो? 'एकदम की वेगवेगळं' याचं उत्तर डॉक्टरच देतील. कोन उघडा आहे की बंद, नस किती उरलीय, किती ड्रॉप्स चालू आहेत, माणूस परत परत तपासणीला येऊ शकतो का, यावर ते ठरतं. आपण तीन गोष्टी विचाराव्यात. नस किती शिल्लक आहे? दाब कुठपर्यंत खाली आणायचाय? आणि नुसतं भिंग काढून तिथे पोचता येईल का?

मोरीचं ऑपरेशन झालं असेल तर वरच्या पापणीखाली एक छोटा फुगवटा आयुष्यभर राहणार. तो डोळा लाल झाला, दुखला, चिकट पाणी आलं, तर पाच वर्षांनंतरही त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, मेडिकलमधून ड्रॉप्स आणून बघत बसायचं नाही.

आणि एक गोष्ट जी बरेचदा राहून जाते. नजरेच्या क्षेत्राची तपासणी, ती अंधाऱ्या खोलीत दिवे दिसले की बटण दाबायची, मोतीबिंदू असताना मुळातच वाईट येते. ऑपरेशननंतर ती सुधारते आणि सगळे खूश होतात, पण ती सुधारणा भिंगाची असते, नशीची नव्हे. जुन्या कागदाशी नवा कागद ताडून 'काचबिंदू बरा होतोय' असं वाटणं साहजिक आहे. म्हणून ऑपरेशननंतर दोन-तीन महिन्यांनी, सूज पूर्ण उतरल्यावर, ती तपासणी नव्याने करून घ्यायची, तिच्यावर तारीख आणि 'ऑपरेशननंतरची पहिली' असं लिहायचं, फोटो काढून घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये ठेवायचा, आणि पुढची प्रत्येक तपासणी त्या कागदाशी ताडायची.